बाळंतिणीचं ताट: अंगावर पाजणाऱ्या आईने काय खावं आणि काय उगाच सोडू नये

बाळ घरी आलं की दोन दिवसांत पथ्याची यादी तयार होते. सासूबाई म्हणतात दही नको, मावशी म्हणते डाळी बंद कर, शेजारच्या काकू पालेभाजीवर फुली मारतात, आणि फोनवरून कुणीतरी बजावतं की पाणी जास्त प्यायलीस तर पोट सुटेल. आठवड्याभराने ताटात मऊ भात, तूप आणि डब्यातला लाडू एवढंच उरतं. माझी दोन बाळंतपणं झाली, पहिलं चिपळूणला माहेरी आणि दुसरं पुण्यात. दोन्ही घरांतल्या याद्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, पण दोन्ही तितक्याच ठामपणे सांगितल्या जात होत्या.

पहिल्यांदा आई होणाऱ्या बायकांचा हा गोंधळ थोडा तरी कमी व्हावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. घरातल्या आजीने आणि बाळाच्या बाबांनीही वाचावं, कारण ताट बहुतेक तेच वाढणार आहेत.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. दूध किती येणार, हे बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर ठरतं. तुमच्या खाण्यावर ठरते ती तुमची स्वतःची तब्येत आणि दुधातली काही मोजकी पोषकद्रव्यं. म्हणून ताटातून एकेक पदार्थ काढत बसू नका, ताट भरा.

१. आधी दूध कसं बनतं ते समजून घ्या

बाळ छातीला लागून ओढतं तेव्हा आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होतं, ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. दूध जितकं बाहेर निघेल तितकं पुढचं बनतं, आणि साठून राहिलं की शरीर बनवणं कमी करतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायला लागणं अगदी स्वाभाविक आहे. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, तेव्हा रात्रीचं पाजणं टाळू नका.

साधारण महिन्याभराने बहुतेक आयांना दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध येतं. त्यातली साखर, प्रथिनं, कॅल्शियम आणि लोह आईच्या रोजच्या जेवणाने फारसं कमीजास्त होत नाही. आईला कॅल्शियम कमी पडलं तर तिच्या हाडांमधून काढून दुधात दिलं जातं. पाजणं थांबल्यावर हाडं बऱ्याच अंशी पुन्हा भरून येतात. बाळ गुटगुटीत आणि आई खंगलेली, हे चित्र आपण कित्येक घरांत पाहतो, त्याचं कारण हेच. बाळाचा वाटा शरीर राखून ठेवतं. तुमचा वाटा तुम्हाला आणि घरच्यांनाच राखावा लागतो.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे ‘तुझं दूध पातळ आहे, त्याचं पोट भरत नाही’ हे वाक्य. पाजायला सुरुवात केल्यावर दूध पातळ, निळसर दिसतं आणि छाती रिकामी होत जाईल तसतशी त्यात स्निग्धता वाढते. पातळ दिसणारं दूध निकस नसतं. या एका वाक्यावरून कितीतरी घरांत वरचं दूध सुरू होतं, मग बाळ कमी ओढतं, आणि मग खरोखरच दूध कमी होतं.

२. सातव्या-आठव्या महिन्यातच हे जमवून ठेवा

कागदपत्रं:
- माता-बाल संरक्षण कार्ड. अंगणवाडीत, लसीकरणाला, योजनेच्या अर्जाला, सगळीकडे हेच लागतं.
- तुमचं आधार कार्ड आणि तुमच्या नावावरच्या, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक.
- गरोदरपणातले रिपोर्ट: हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, आणि केली असेल तर बी-१२ची तपासणी.
- बाळ झाल्यावर जन्माचा दाखला.

औषधं, डॉक्टरांना विचारून: लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, कॅल्शियम, बाळासाठी ड जीवनसत्त्वाचे थेंब.

स्वयंपाकघरात: बाजरी, ज्वारी आणि नाचणीचं पीठ, मूग, मटकी, मसूर, शेंगदाणे, तीळ, फुटाणे, हळीव, डिंक, खारीक, सुकं खोबरं, ओवा, बाळंतशेपा, आणि साधं आयोडीनयुक्त मीठ.

पाजायला बसता त्या जागेजवळ: एका हाताने उघडता येईल अशी लिटरभराची पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा. दूध काढून पाजायची वेळ आली तर उकळून घेतलेली छोटी वाटी आणि चमचा पुरतो. दुधाची बाटली आधीपासून आणून ठेवण्याची गरज नाही.

३. पहिले तीन-चार दिवस

बाळाला जन्मानंतर पहिल्या तासाभरातच छातीशी घ्यायचं. सिझेरियन असेल तर आई शुद्धीवर आणि स्थिर असली की लगेच. पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर, दाट चीक चमचा-दोन चमचेच असतो आणि बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढा पुरतो. त्यात रोगांशी लढणारी प्रतिद्रव्यं भरपूर असतात. ‘जड आहे, पिळून टाक’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

या दिवसांत बाळाच्या तोंडात मध, गूळपाणी, घुट्टी, साखरेचं पाणी काहीही घालायचं नाही. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. चाटण द्यायचंच असा घरात आग्रह असेल, तर बाळाच्या डॉक्टरांकडून आजीच्या समोर हे वदवून घ्या. तेच वाक्य सुनेच्या तोंडून आलं की वाद होतो, डॉक्टरांच्या तोंडून आलं की सूचना होते.

आईने काय खायचं? साधी प्रसूती असेल तर भूक लागल्याबरोबर नेहमीचं घरचं जेवण. सिझेरियननंतर डॉक्टर सांगतील तसं आधी पेज-सूप, मग मऊ भात-वरण, मग पूर्ण जेवण. मऊ खाण्याचे दिवस एवढेच. ते सव्वा महिना लांबवण्याचं काही कारण नाही. चोथा नसलेल्या जेवणाने बद्धकोष्ठ होतं, आणि टाके असताना त्याचा त्रास काय असतो ते ज्या बाईने सोसलंय तिलाच ठाऊक.

४. रोजचं ताट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरवलेल्या २०२० च्या प्रमाणानुसार, पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात आणि पुढचे सहा महिने ५२०. घरगुती हिशोबात ६०० म्हणजे ढोबळमानाने एक भाकरी, वाटीभर उसळ, पेलाभर दूध आणि एक लाडू. नेहमीच्या जेवणावर एवढंच वाढवायचं आहे. ‘दोघांचं खा’ म्हणून दुप्पट ढीग वाढायचा नाही, आणि ‘बाळंतिणीचं पोट नाजूक’ म्हणून अर्धपोटीही ठेवायचं नाही.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणातला एक दिवस साधारण असा असे. पहाटेचं पाजणं झालं की दुधातली नाचणीची खीर. नऊच्या सुमारास मेथी घातलेलं थालीपीठ आणि दही, नाहीतर दोन उकडलेली अंडी आणि पोळी. दुपारी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेपू घातलेली मुगाची डाळ, गाजराची कोशिंबीर, लिंबाची फोड आणि शेवटी ताकभात. चारला लाडू, दूध आणि घरात असेल ते फळ: पेरू, केळं, पपई, काहीही. रात्री भाज्या घातलेली खिचडी आणि कढी. शिवाय उशाशी फुटाणे आणि खारीक-खोबऱ्याचा डबा, कारण रात्री दोन वाजताच्या पाजण्यानंतर लागणारी भूक फार जोरकस असते आणि त्या वेळी कुणाला उठवावंसं वाटत नाही.

यात महाग काही नाही. बदाम-पिस्त्यांचे पुडे पाहुणे आणतात, आनंदाने खा, पण शेंगदाणे, मसूर, अंडी, नाचणी आणि लाल माठ यांच्यावर बाळंतपण उत्तम निभावतं.

पाणी तहानेप्रमाणे प्या. बाळ ओढायला लागलं की अनेकींचा घसा कोरडा पडतो, म्हणून बाटली हाताशी हवी. लघवी फिकट पिवळी असली की समजा पुरेसं पाणी जातंय. पाणी तोडल्याने पोट आत जात नाही. उलट डोकं दुखतं, मलावरोध होतो, लघवीची जळजळ सुरू होते. आणि तहान नसताना तांबेच्या तांबे रिचवल्याने दूधही वाढत नाही. पाणी गरम, कोमट की साधं, हा आवडीचा प्रश्न आहे. स्वच्छ मात्र हवं.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही. बाळंतिणीला ताट मिळतं तेव्हाच बाळ रडतं, आणि ती जेवते तेव्हा सगळं गार झालेलं असतं. पहिले दोन महिने कुणीतरी ठरवून टाका: तिचं जेवण होईपर्यंत बाळ मांडीवर घेणारं माणूस कोण. तेही जमलं नाही तर भाकरी उसळीत कुस्करून द्या, म्हणजे पाजता पाजता एका हाताने चमच्याने खाता येते.

वजन उतरवायची घाई करू नका. पहिले दोन महिने कसलंही डाएट नको. नंतर चालणं, हलका व्यायाम आणि नेटकं जेवण यांनी वजन हळूहळू उतरतं. उपासतापासही या काळात बाजूला ठेवा.

५. हळीव, डिंक, मेथी आणि शतावरी

हे पदार्थ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत आणि मला ते मनापासून प्रिय आहेत. त्यांनी बाळंतिणीला ताकद मिळते, लोह-कॅल्शियम मिळतं, वारंवार लागणारी भूक भागते. ते खाल्ल्याने दूध वाढतं याचा ठाम पुरावा मात्र तोकडा आहे. म्हणून ते खा ते अन्न म्हणून. दूध वाढवायचं औषध म्हणून त्यांच्यावर विसंबलात, तर पाजण्याच्या पद्धतीतली चूक शोधायची राहून जाते.

हळिवाच्या लाडवाची माझ्या आईची पद्धत देते. पाव वाटी हळीव निवडून नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचे. ते फुगून बुळबुळीत होतात आणि पाणी पूर्ण पितात. दोन वाट्या खवलेला ओला नारळ आणि सव्वा वाटी चिरलेला गूळ त्यात कालवून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवायचं. आधी गूळ सुटून सगळं सैल होतं, घाबरू नका. ढवळत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागतं. इथेच उतरवायचं, कारण जास्त आटलं तर लाडू कडक होतात. जायफळ किसून घालायचं, कोमट असताना तुपाच्या हाताने वळायचे. ओला नारळ असल्याने फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. दिवसाला एक पुरतो.

डिंकाचे लाडू दाणेदार आणि भरपूर तुपाचे असतात. एका लाडवातच बरीच ऊर्जा असते. दिवसाला चार-पाच लाडू खाल्ले की जेवणाची भूक मरते, डाळ-भाजी मागे राहते आणि वजन मात्र वाढतं. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर लाडवांचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांत साखरेची तपासणी पुन्हा करून घ्या. ही तपासणी हमखास विसरली जाते.

मेथीदाण्यांनी काहींना पोटात वात धरतो आणि रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाची औषधं चालू असतील तर जपून. शतावरी कल्प दुधात घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यात साखर बरीच असते, एवढं ध्यानात ठेवा. काढे आणि भस्मं घातलेली औषधं मात्र कुणी दिली म्हणून घेऊ नका. काही भस्मयुक्त औषधांत शिशासारखे जड धातू सापडलेले आहेत, आणि ते दुधात उतरतात. नोंदणीकृत वैद्यांनी लिहून दिलं तरच, आणि बाळाच्या डॉक्टरांना सांगूनच.

बाळंतशेपा आणि ओवा जेवणानंतर चघळायला छान. पचनाला बरं वाटतं.

६. दुधातून खरोखर काय कमी पडू शकतं

हा भाग सावकाश वाचा. पथ्याच्या याद्यांमध्ये याचा उल्लेखही नसतो, आणि बाळाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. वर म्हटलं की दुधातल्या बऱ्याच गोष्टी आईच्या जेवणाने बदलत नाहीत. पण काही बदलतात: ब गटातली जीवनसत्त्वं, अ जीवनसत्त्व, आयोडीन आणि मेंदूच्या वाढीला लागणारी डीएचएसारखी स्निग्धाम्लं. आईकडे कमी तर दुधात कमी.

बी-१२: आपल्याकडच्या शाकाहारी घरांतली ही खरी अडचण आहे. बी-१२ मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातून. डाळी, भाज्या आणि धान्यांत ते नसतं. दूधही घेत नसाल किंवा चहापुरतंच घेत असाल तर तुमच्यात कमतरता असण्याची शक्यता मोठी आहे. अशा आईचं दूध पिणारं बाळ सुरुवातीचे महिने ठीक वाढतं, आणि मग साधारण चौथ्या महिन्यानंतर सुस्त व्हायला लागतं. हसणं कमी होतं, धरलेली मान पुन्हा ढिली पडते, बोटांच्या पेरांवर काळपटपणा येतो, पुढे हातपाय थरथरू लागतात. ‘सुस्त आहे, शांत बाळ आहे’ म्हणून घरात कौतुक होत राहतं. वेळेवर कळलं तर उपचार सोपे आहेत, उशीर झाला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम राहू शकतो. म्हणून शाकाहारी असाल तर गरोदरपणातच, नाहीतर आता, रक्तातलं बी-१२ तपासून घ्या. कमी असेल तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतात. रोज दोन पेले दूध आणि वाटीभर दही हे तर हवंच. इतकं असूनही बाळंतिणीला दही बंद करणारी घरं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

आयोडीन: बाळाच्या मेंदूला ते लागतं आणि दुधातूनच मिळतं. आजकाल ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव किंवा गुलाबी मीठ वापरायची पद्धत घराघरांत आली आहे. त्यात आयोडीन घातलेलं नसतं. पाजता आहात तोवर रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका.

ड जीवनसत्त्व: आई कितीही चांगलं खाणारी असली तरी अंगावरच्या दुधात हे कमीच असतं. म्हणून बाळाला जन्मानंतर पहिल्या दिवसांपासून वर्षभर रोज ४०० युनिट थेंब देतात. थेंबांच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, तेव्हा ४०० युनिट म्हणजे तुमच्या बाटलीतले किती थेंब हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

ब-१, म्हणजे थायमिन: काश्मीरमध्ये बाळंतिणी पथ्य म्हणून फक्त पॉलिश केलेला भात आणि मोजकेच पदार्थ खात, त्यांच्या काही बाळांना याच्या कमतरतेने हृदय निकामी होण्यापर्यंतचे आजार झाले. थायमिन दिल्यावर ती बाळं झपाट्याने सुधारली. पथ्याने ताट किती आकुंचित होऊ शकतं आणि त्याचा बाळावर काय परिणाम होतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. डाळी, शेंगदाणे, बाजरी-ज्वारी ताटात असतील तर ही भीती नाही.

मासे: डीएचएसाठी तारली, बांगडा, मांदेली उत्तम. कोकणात आणि गोव्यात दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं कालवण देतात. मोरी म्हणजे शार्क. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो, म्हणून मोरी रोज नको. खायचीच तर आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको. मोठ्या सुरमईचंही रोजचं जेवण करू नका.

लोह: आईने लोह घेतल्याने दुधातलं लोह वाढत नाही. तरीही गोळ्या घ्यायच्या, तुमच्या स्वतःच्या रक्तासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि बाळंतपणात रक्त जातंच. सरकारी कार्यक्रमानुसार प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोह-फॉलिकची गोळी आणि सहा महिने दिवसातून दोनदा कॅल्शियम घ्यायचं असतं. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. निदान दोन तासांचं अंतर ठेवा. जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको, लिंबू मात्र जरूर पिळा.

७. पथ्य: कशाचं पाळायचं, कशाचं नाही

कोबी, वाटाणा, राजमा, हरभऱ्याने आईला वात होऊ शकतो. तो वात आईच्या आतड्यात तयार होतो आणि तिथेच राहतो, दुधात जात नाही. दही, केळं, ताक खाल्ल्याने बाळाला सर्दी होत नाही, कारण दूध शरीराच्याच तापमानाचं असतं. आंबट खाल्ल्याने टाके पिकत नाहीत. लसूण आणि मसाल्यांचा वास-स्वाद मात्र थोडा दुधात उतरतो, आणि बाळांना त्याने बहुधा काही बिघडत नाही. उलट घरच्या जेवणाच्या चवीशी त्यांची ओळख होते.

‘पण मी डाळ सोडली आणि बाळाचं रडणं थांबलं’ असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं. त्या काळात जे सोडाल त्याला श्रेय मिळतं. एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर तो चार दिवस बंद करा, मग पुन्हा खा आणि पाहा. पुन्हा खाल्ल्यावर काहीच झालं नाही तर तो पदार्थ निर्दोष.

एक अपवाद खरा आहे. काही थोड्या बाळांना आईने घेतलेल्या गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असते. बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेषा किंवा खूप चिकट शेम, अंगावर इसब, वजन न वाढणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही बंद करायला सांगतात. ते त्यांच्या देखरेखीखालीच करा, आणि त्या काळात कॅल्शियम व बी-१२ कशातून घ्यायचं तेही विचारा.

आता ज्यांचं पथ्य खरंच पाळायला हवं ते. मिश्री, तंबाखू, गुटखा, सिगारेट: निकोटिन थेट दुधात जातं, बाळाची झोप बिघडते आणि दूधही कमी होतं. आपल्या गावांमध्ये बाळंतीण सकाळी मिश्री लावते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पण दह्याला मात्र बंदी. हे उलटं व्हायला हवं. दारू नकोच. चहा-कॉफी दिवसाला दोन-तीन कप ठीक, त्याहून जास्त नको. नवजात बाळाच्या शरीरातून निम्मं कॅफिन जायलाच तीन-चार दिवस लागतात. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं. दुकानातून कुठलंही औषध घेताना ‘मी अंगावर पाजते’ हे आधी सांगा.

पथ्यावरून घरात वाद नको असेल तर मला लागू पडलेला मार्ग सांगते. सगळ्याच गोष्टींना नाही म्हणायचं नाही. ‘आई, तुमचे लाडू, खीर, शेपूची भाजी सगळं खाईन. फक्त दही आणि डाळ बंद करू नका, डॉक्टरांनी बी-१२ कमी सांगितलंय,’ असं सासूबाईंना म्हटलं की त्यांच्या हातालाही मान राहतो आणि ताटही भरतं.

८. दूध पुरतंय हे कसं ओळखायचं

रडण्यावरून नाही, छाती भरल्यासारखी वाटण्यावरूनही नाही. दोनच खुणा बघा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा दुपटी चांगली ओली होतात का? आणि वजन: पहिल्या काही दिवसांत ते थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्मवजनाला परत येतं, आणि मग पहिले तीन महिने रोज साधारण २५-३० ग्रॅम वाढतं. वजन दर वेळी एकाच काट्यावर करा.

कमी वाटलं तर लाडू वाढवण्याआधी पकड बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि फक्त बोंडी न धरता भोवतीचा काळा भागही तोंडात. पाजताना टोचून दुखत असेल तर पकड चुकतेय. करंगळी तोंडाच्या कडेला घालून सोडवा आणि पुन्हा लावा. वेळा वाढवा, दोन्ही बाजू द्या, बाळाला उघड्या छातीवर घेऊन पडा. तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, विदर्भातल्या उन्हाळ्यातसुद्धा, कारण अंगावरच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं.

९. हक्काचं मिळवा

आशाताई दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. प्रश्न लिहून ठेवा. अंगणवाडीत नाव नोंदवलं की पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने घरी न्यायचा पोषण आहार मिळतो. आदिवासी भागात डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये खात्यात येतात. अर्ज अंगणवाडीतून भरता येतो. इथे अडकतं ते बहुधा नावात: लग्नाआधीचं नाव आधारवर, लग्नानंतरचं पासबुकावर. गरोदरपणातच दुरुस्त करून घ्या.

१०. थांबू नका, दाखवा

दुपटी ओली होण्याचं प्रमाण कमी, दोन आठवडे होऊनही जन्मवजन भरून न येणं, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा, पाजायलाही न उठणारं बाळ, शीमध्ये रक्त, किंवा शिकलेली गोष्ट विसरणारं बाळ: त्याच दिवशी डॉक्टर. तुमच्या छातीत लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप असेल तरी त्याच दिवशी, आणि त्या बाजूने पाजणं बंद करू नका. जेवावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, सारखं रडू येतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तोही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

११. सहा महिन्यांनंतर

सहा महिने पूर्ण झाले की बाळाच्या अंगातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. उष्टावणाची खीर चाटवून आठवडाभर थांबू नका. दुसऱ्या दिवसापासून तूप घातलेला घट्ट वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेली भाजी, अंडं सुरू करा. वरणाचं नुसतं पाणी पोट भरतं, पोषण देत नाही. पाजणं दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवता येतं. याच सुमाराला घरचे आईच्या ताटाकडे बघणं सोडतात, कामावर परत जायची वेळही तीच असते. डब्यात एक जास्तीची भाकरी, उसळ आणि दह्याची छोटी डबी टाकायला लागा, आणि लोहाच्या गोळ्या संपल्या की हिमोग्लोबिन एकदा पुन्हा तपासून घ्या.